तारा तुटल्यावर गावाचा निरोप : डोंगरमाथ्यावरील बिनतारी रिपीटर

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, घरांवरील पत्रे व कौले उडाली आणि विजेचे खांब ओळीने कोलमडले. वादळ त्याच रात्री पुढे निघून गेले. परंतु त्यानंतर कित्येक दिवस अनेक गावांत वीज नव्हती व फोन लागत नव्हता. मुंबईस असलेल्या चाकरमान्यास आपल्या आईवडिलांचे घर उभे आहे की नाही हे कळावयास मार्ग नव्हता. आणि गावातील सरपंचास तालुक्याला साधा निरोप धाडावयाचा तर पडलेली झाडे ओलांडीत माणूस पाठविण्यावाचून गत्यंतर नव्हते. वादळाने केलेले नुकसान डोळ्यांस दिसते. निरोप न पोचल्यामुळे जे नुकसान होते ते मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

असे का घडते, व त्यावर गावांच्या गटास स्वतः काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोबाईल फोन हाही एक बिनतारी संचच आहे. परंतु त्याचा आवाज थेट दुसऱ्या फोनाकडे जात नाही. तो जवळच्या मनोऱ्याकडे जातो, तेथून जमिनीखालील तंतुवाहिनीने अथवा दुसऱ्या मनोऱ्यामार्फत दूरच्या केंद्राकडे जातो, आणि तेथून उलट वाटेने फिरून दुसऱ्या माणसापर्यंत येतो. शेजारच्या वाडीतील भावाशी बोलतानादेखील हा सर्व फेरा पडतो. मनोऱ्यास वीज पाहिजे. वीज गेल्यास बॅटरी काही तास पुरते. पुढे जनित्रासाठी डिझेल पाहिजे, आणि डिझेल यावयाचे तर रस्ता पाहिजे. या साखळीतील एक कडी तुटली म्हणजे सगळी साखळी निकामी होते. मोठी आपत्ती तर तीन-चार कड्या एकदमच तोडते.

याउलट, हातात धरावयाचा बिनतारी संच, ज्यास सर्वजण वॉकी-टॉकी म्हणतात, तो दुसऱ्या संचाशी सरळ बोलतो. मध्ये कोणी नाही. हा त्याचा मोठा गुण होय. आणि त्याचा दोषही येथूनच सुरू होतो.

दृष्टीचा व लहरींचा पल्ला

या संचांच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की त्यापलीकडे त्या पोचत नाहीत, किंवा फारच क्षीण होऊन पोचतात. मोकळ्या सपाटीवरही पृथ्वीच्या गोलाईमुळे पल्ल्याला मर्यादा पडते. त्याचा एक सोपा आडाखा आहे : एरियलची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ४ ने गुणावे, येणारा आकडा म्हणजे क्षितिजापर्यंतचे अंतर, किलोमीटरमध्ये. उभ्या माणसाच्या हातातील संच जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असतो. त्याचे क्षितिज अवघ्या ५ किलोमीटरवर. तोच एरियल १० मीटर बांबूवर चढविला तर साधारण १३ किलोमीटर. आणि आसपासच्या मुलखापेक्षा ४०० मीटर उंच अशा डोंगरमाथ्यावर ठेवला तर ८० किलोमीटर.

वाचकांनी या हिशेबाकडे नीट पाहावे. संचाची शक्ती दुप्पट केल्याने जे साधत नाही ते उंचीने साधते. बाजारात 'जास्त वॅटचा' संच मागणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. त्यांना डोंगर दाखवावा.

सह्याद्रीच्या कुशीतील एखादे गाव घ्या. तालुक्याचे ठिकाण अंतराने आठच किलोमीटर. पण मध्ये डोंगराची सोंड उतरलेली. हातातील संचाने तेथे आवाज जाणार नाही. मात्र त्या गावातून जो माथा दिसतो तोच माथा तालुक्यातूनही दिसतो. त्या माथ्यावर एखादा माणूस संच घेऊन बसला आणि खालून ऐकलेला प्रत्येक शब्द त्याने पलीकडे जसाच्या तसा सांगितला, तर दोन्ही ठिकाणे जोडली जातील. रिपीटर म्हणजे तेथे बसविलेला असा न थकणारा, न झोपणारा माणूसच.

फरक इतकाच, की माणूस आधी ऐकतो व मग बोलतो. रिपीटर ऐकत असतानाच बोलतो. यासाठी तो दोन निरनिराळ्या कंप्रता वापरतो. आपल्या देशात हौशी बिनतारी चालकांस १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. उदाहरणार्थ, रिपीटर १४५.००० वर ऐकेल आणि त्याच क्षणी १४५.६०० वर बोलेल. गावातील संच याच्या उलट लावावे लागतात. पुष्कळदा नवशिक्याचा संच उत्तम असूनही आवाज जात नाही, याचे कारण हेच की त्याने दोन्ही कंप्रता एकच ठेवलेल्या असतात. याखेरीज बहुतेक रिपीटरांना एक कुलूप असते : बोलणाऱ्याच्या आवाजाखाली एक मंद, कानास न जाणवणारा ठराविक सूर असल्याशिवाय तो उघडत नाही. हा सूर संचात आधीच भरून ठेवावा. वादळाच्या रात्री कंदिलाच्या उजेडात तो शोधण्याची पाळी येऊ नये.

रिपीटरचे बोलणे त्याच्या ऐकण्यापेक्षा कोट्यवधी पटींनी जोरकस असते. शेजारी ढोल वाजत असता कोणाची कुजबुज ऐकावी तसा हा प्रकार. म्हणून दोन्ही कंप्रतांना वेगळे ठेवणारी धातूच्या डब्यांची चाळणी त्यात बसवितात. तिला डुप्लेक्सर म्हणतात. सबंध यंत्रणेतील ही नाजूक वस्तू आहे. ती जाणत्या माणसाने एकदा जुळविल्यावर तिच्या स्क्रूंना कोणी हात लावू नये.

वायनाडचा अनुभव

३० जुलै २०२४ रोजी पहाटेच्या अंधारात केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई व चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. दोनशेंहून अधिक माणसे दगावली. चहामळ्यांचा हा मुलूख आपल्याच पश्चिम घाटाचा दक्षिणेकडील भाग आहे. पूल वाहून गेल्याने मुंडक्कईची वाट तुटली. लष्कराने तेथे १९० फूट लांबीचा बेली पूल उभारला तो १ ऑगस्टला पुरा झाला. या दिवसांत फोनवर भरवसा ठेवता येत नव्हता. तेव्हा हौशी बिनतारी चालकांनी कल्पेट्टा येथील जिल्हाधिकारी कचेरीत एक केंद्र व चूरलमला येथे दुसरे केंद्र उघडले, आणि दरडीच्या जागेवरील निरोप कचेरीपर्यंत पोचविण्याचे काम हाती घेतले.

ही दोन ठिकाणे एकमेकांस दिसत नाहीत. ती जोडली गेली अंबलवयलजवळील पोन्मुडी कोट्टा या टेकडीवरील रिपीटरमुळे. तो सुल्तान बत्तेरीच्या हौशी चालकांच्या मंडळाने दरड कोसळण्यापूर्वीच बसविलेला होता. लेखकाच्या मते या सर्व हकिकतीत हा 'पूर्वीच' शब्द सर्वांत मोलाचा आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भूज येथेही हौशी चालक संच घेऊन धावले, आणि त्यांनी मोलाचे काम केले. पण ते बाहेरून जावे लागले. बाहेरून माणूस येईपर्यंतचे जे पहिले तास, त्यांतच ढिगाऱ्याखालचा जीव वाचतो अथवा जातो.

अशीच गोष्ट त्याच वर्षी अमेरिकेत घडली. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलेले 'हेलेन' वादळ दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागावर प्रचंड पाऊस घेऊन गेले. रस्ते खचले, वीज गेली, मोबाईलचे बहुसंख्य मनोरे बंद पडले. या भागात माउंट मिचेल नावाचे २,०३७ मीटर उंचीचे शिखर आहे. त्यावरील हौशी चालकांचा रिपीटर चालू राहिला व दिवसेंदिवस खोऱ्यांतील निरोप वाहत राहिला : अमुक वस्तीस पाणी नाही, तमुक म्हाताऱ्याचे औषध संपले, अमुक पूल गेला. परवाना नसलेले लोकही साधे संच लावून ऐकत बसले. आणि कोणता रस्ता उघडा आहे हे त्यांना तेथूनच कळले. ऐकणाऱ्यांचा हा फायदा आपण सहसा जमेस धरीत नाही. एका गावात बोलणारा एक असला तरी त्याच्याभोवती बसून ऐकणारे पन्नास असतात, आणि निम्म्या अफवा तेथेच शमतात.

बॅटरीचा हिशेब

डोंगरावरील वीज आपत्तीत जाणारच असे धरून चालावे. रिपीटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, म्हणजे ट्रॅक्टरच्याच जातीच्या बॅटरीवर. समजा, नुसते ऐकत असताना तो अर्धा अँपिअर खातो व बोलताना ६ अँपिअर. तासातून १० मिनिटे बोलणे झाले तर सरासरी सुमारे १.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला ३४ अँपिअर-तास लागतील. शिशाच्या बॅटरीतील निम्मीच शक्ती वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते. सबब २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून कामास येणारे १०० अँपिअर-तास जवळजवळ तीन दिवस पुरतील.

आता लोकांनी तासातून ३० मिनिटे गप्पा मारल्या असे धरा. सरासरी ३.२५ अँपिअर, दिवसाला ७८ अँपिअर-तास. तीच बॅटरी दीड दिवसही टिकत नाही. बॅटरी तीच, डोंगर तोच. केवळ जिभेने अर्ध्याहून अधिक वेळ खाल्ला. सूर्यप्रकाशावरील पत्रे अवश्य लावावेत, परंतु आषाढातील ढगांत त्यांच्यापासून फारच थोडे मिळते हे ध्यानी ठेवून बॅटरीचा हिशेब त्यांच्याविनाच करावा.

इतर काळजी थोडक्यात सांगतो. वळवाच्या पावसातील वीज माथ्यावरच पडते, म्हणून मनोऱ्यास चांगले भूयोजन पाहिजे. किनाऱ्यालगत खारी हवा सांधे खाते. उंदीर केबल कुरतडतात. आणि केबल बारीक घेऊन पैसे वाचविण्याचा मोह टाळावा, कारण तीस मीटर बारीक केबलमध्ये निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जिरून जाते.

कायदा काय म्हणतो

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ग्रामपंचायतीने ठराव करून, बाजारातून यंत्र आणून डोंगरावर बसविणे कायद्यात बसत नाही. बिनतारी लहरींचे नियमन केंद्र सरकार करते. हौशी चालक होण्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयातील बिनतारी विभागाची परीक्षा द्यावी लागते. तीत विजेची व बिनतारी यंत्रांची प्राथमिक माहिती व नियम विचारतात. परीक्षेस बसण्याचे किमान वय १२ वर्षे आहे. परवान्याचे दोन वर्ग असून कनिष्ठ वर्गासाठी मोर्स लिपीची परीक्षा नाही. बारावीतील मुलामुलींस ही परीक्षा जड नाही. आणि आमच्या समजुतीप्रमाणे गावातील शाळेचे विज्ञान शिक्षक, दूध संघाचा तंत्रज्ञ, मोटार दुरुस्त करणारा तरुण, शेतात स्वतः मोटारपंप बांधणारी एखादी हुशार शेतकरीण, हेच लोक या कामास योग्य होत. रिपीटरसाठी स्वतंत्र परवानगी लागते. ती अशा चालकांच्या मंडळाने मागावी.

या संचांवरून व्यापारी निरोप देता येत नाहीत. कांद्याचा भाव, ट्रकची मागणी, खताची चौकशी या गोष्टींस तेथे मनाई आहे. दुसऱ्यांचे निरोप नेण्यासही सामान्यतः मर्यादा आहेत. मात्र नैसर्गिक आपत्तीत जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांचे निरोप नेण्याची तरतूद नियमांत आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. तेव्हा मंडळाने पावसाळ्यापूर्वीच त्यांच्याशी पत्रव्यवहार करून, कोण चालक कोणत्या कचेरीत बसेल, हे लेखी ठरवून घ्यावे. पूर आल्यावर दारावरील शिपायास ओळख पटवून देण्यात वेळ जाऊ नये.

ज्यांना परीक्षा द्यावयाची नाही त्यांच्यासाठी ४४६ मेगाहर्ट्झचे लहान संच आहेत. त्यांस २०१८ पासून परवाना लागत नाही. शक्ती अर्धा वॅट, पल्ला गावापुरता, ते रिपीटरला जोडता येत नाहीत. तरीही वरची आळी व खालची आळी, किंवा नदीचा घाट व देऊळ, यांत त्यांचा उपयोग होतो. गावातील निरोप या संचांनी चालकापर्यंत यावा व पुढे चालकाने तो रिपीटरवरून न्यावा, अशी जोडणी उत्तम.

निरोप कसा द्यावा

यंत्र विकत मिळते. बोलण्याची शिस्त मिळत नाही. 'आमच्याकडे फार हाल आहेत, लवकर या' हा निरोप ऐकणाऱ्यास हळहळ वाटेल, पण तो काय घेऊन निघेल? त्याऐवजी असे बोलावे : 'खालच्या वाडीहून. वेळ सकाळी सात-दहा. जखमी चार, पैकी एकास उचलून न्यावे लागेल. रस्ता ओढ्यापाशी तुटला. जीप ओढ्याच्या अलीकडेपर्यंत येते. डोली व सहा माणसे पाहिजेत. जनावरे अकरा दगावली, पुरण्यास यंत्र पाहिजे. संपले.' ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यावा व परत वाचून दाखवावा. लिहिल्याशिवाय निरोप पोचला असे समजू नये.

आकडे सुटे उच्चारावेत. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे खरखरीत एकसारखेच ऐकू येतात. 'पाच-नऊ', 'सहा-नऊ', 'सात-नऊ' म्हटल्यास घोटाळा होत नाही. नाव फोडून सांगताना आपली शाळेतील रीतच बरी : क कमळातला, ग गवतातला. गावाचे नाव नेहमी पूर्ण घ्यावे. एकट्या रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन आहे व मुरूड तालुक्यात बोर्ली मांडला आहे. नुसते 'बोर्ली' म्हटल्याने औषधाची गाडी भलत्याच खाडीच्या काठी जाऊन उभी राहील.

संचाचे बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे. नाहीतर रिपीटर उघडेपर्यंत पहिला शब्द गळतो, आणि तो शब्द पुष्कळदा 'नाही' हाच असतो. दोन निरोपांमध्ये दोन-तीन सेकंद जागा सोडावी. त्या जागेतूनच एखादा अधिक संकटातील माणूस शिरतो.

हे सर्व अंगवळणी पडावयाचे तर आठवड्यातून एकदा, ठराविक वारी व वेळी, सर्व गावांनी हजेरी द्यावी. एका चालकाने क्रमाने गावांची नावे पुकारावीत. प्रत्येकाने आपला पाऊस मिलिमीटरमध्ये, ओढ्याची पातळी व बॅटरीची स्थिती सांगावी. पंधरा मिनिटांचे काम. लेखकाने एका ठिकाणी असे नवे कोरे संच पाहिले की जे कपाटात कुलूपबंद होते. किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ रजेवर होते, आणि कपाट उघडल्यावर सगळ्या बॅटऱ्या मेलेल्या निघाल्या. साप्ताहिक हजेरी असती तर ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात उघडकीस आली असती. ज्या गावाचे उत्तर दोन आठवडे आले नाही तेथे कार्यकर्त्याने स्वतः जावे.

रिपीटरही बंद पडू शकतो, हे गृहीत धरावे. त्या वेळेसाठी सर्व संचांत एक समान कंप्रता भरून ठेवावी, व तीवरून संचांनी परस्परांशी थेट बोलावे. मध्ये डोंगर असेल तर दोघा चालकांनी खिंडीत जाऊन बसावे व निरोप पुढे सांगावा. खिंडीत कोणी जावयाचे, कोणत्या वाटेने, व सोबत पाणी, घोंगडी व जादा बॅटरी कोण देईल, हे आधी ठरलेले असावे. रात्री एकट्यास पाठवू नये.

शेवटी एक काम असे आहे की ज्यात फक्त ऐकावयाचे असते. हजेरीच्या वेळी चालकाने संच घेऊन गावात फिरावे : चावडी, शाळा, देवळाचा चौथरा, वरचे खळे, नदीकाठ. कोठे रिपीटर स्वच्छ ऐकू येतो, कोठे खरखर होते व कोठे मुळीच येत नाही, याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत करावी, व चांगल्या जागी दगडावर चुन्याने खूण करावी. कधी दोन पावले बाजूस सरकल्यानेही आवाज उघडतो. हीच फेरी वैशाखात एकदा व श्रावणात पुन्हा घ्यावी. झाडी दाट व ओली झाली म्हणजे उन्हाळ्यात चाललेल्या काही जागा गप्प होतात, आणि दरडी कोसळतात त्या याच दिवसांत.